मुरबाडचे जावई, सुभेदार रामजी

बाबासाहेबांना शिकायला मदत कोणी केली, असे कुठल्याही शाळेतल्या गुरुजींना विचारून पाहा. पहिले नाव येईल बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे. दुसरे केळुसकर गुरुजींचे. तिसरे साताऱ्याच्या शाळेतल्या आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकाचे. ही नावे खोटी नाहीत. या माणसांचे ऋण बाबासाहेबांनी स्वतः मानले आहे, तेव्हा ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण बडोद्याची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा भीमराव मॅट्रिक होऊन कॉलेजात जात होते. त्याआधीची फी कोणी भरली? पुस्तके कोणी आणली? दिव्यात तेल कोणाच्या पैशाचे जळत होते? बाबासाहेबांना मिळालेली पहिली शिष्यवृत्ती एका निवृत्त सुभेदाराच्या पेन्शनमधून निघाली होती, आणि ती देणारा माणूस जयंतीच्या बॅनरवर कोपऱ्यातला एक छोटा गोल फोटो होऊन राहिला आहे.

2 फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी किती बुद्धविहारांत त्यांचे नाव घेतले जाते, हे कार्यकर्त्यांनी आपल्याच मनाला विचारावे. आम्ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चळवळीचे काम करतो, वकिली करतो. आमच्या भागाचे तर या माणसाशी थेट नाते आहे. रामजी बाबा मुरबाडचे जावई! मातोश्री भीमाबाई मुरबाड तालुक्यातल्या आंबेटेंभे गावच्या लेक. माहेरचे आडनाव मुरबाडकर. त्यांचे वडील आणि सहा चुलते असे सगळेच लष्करात सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार सांगतात. पायाखाली पिढीजात बलुत्याची वाट असताना एका घरातले सात पुरुष त्या हुद्द्यापर्यंत गेले. आजही ज्या तालुक्यात दलित म्हटले की लोकांना फक्त दारिद्र्यच दिसते, त्या तालुक्यातले हे घर होते.

रामजींचे घर मात्र तसे भरलेले नव्हते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजीही सैन्यातच होते. मुरबाडकर खाऊनपिऊन सुखी आणि जावयाची परिस्थिती बेताची, म्हणून माहेरच्यांच्या नजरेत थोडा फरक पडला. अंगावर भरपूर दागिने घालून येता येईल तेव्हाच माहेरी पाऊल ठेवीन, असा निश्चय भीमाबाईंनी केला होता, अशी हकीकत चरित्रांत येते. मुरबाडची लेक किती करारी होती ते यावरून समजावे. दागिन्यांचा विषय आम्ही मुद्दाम काढला. या घराच्या कथेत तो पुन्हा दोनदा येणार आहे.

रामजी सैन्यात गेले आणि तिथे शिकले. त्या काळी लष्करी छावणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, मुलींनाही. गावच्या शाळेची पायरी ज्यांना बंद होती त्यांच्या हातात छावणीत पाटी येत होती. हे इंग्रजांचे उपकार नव्हेत. त्यांना हिशेब लिहिणारे, हुकूम वाचणारे लोक हवे होते. पण आपल्या लोकांनी त्या गरजेतून आपली वाट काढली. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि ते लष्करी शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक झाले. तिथे त्यांनी चौदा वर्षे काढली. सुभेदार म्हटले की आपल्याकडे खांद्यावर बंदूक डोळ्यांपुढे येते. हा सुभेदार मुख्यतः मास्तर होता.

महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला. ते रामजी-भीमाबाईंचे चौदावे अपत्य. कुणा साधूने घराण्याला भविष्य सांगितले होते, आशीर्वाद दिला होता, अशी गोष्ट आपलेच गायक रंगवून सांगतात. ती सांगायची तर सांगा बापडे! पण साधूच्या आशीर्वादाने पोरे शिकत असती तर या देशात एकही निरक्षर उरला नसता. महूच्या घरात जे होते ते मास्तराचा पगार, इंग्रजी वाचू शकणारा बाप आणि चौदा बाळंतपणे सोसलेली आई. त्या चौदांपैकी थोडीच जगली.

याच सुमाराला सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. विचार करा, आयुष्य सैन्यात घालवून माणूस सुभेदार झाला आणि आता त्याच्या मुलाला साधा शिपाई म्हणूनही तिथे प्रवेश नाही! कारण दिले गेले ते लढाऊ जातींचे. भीमा कोरेगावच्या 1818 च्या लढाईनंतर पाऊण शतकही उलटले नव्हते. रामजी गप्प बसले नाहीत. ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले आणि भरतीबंदीविरुद्धचा अर्ज त्यांच्याकडून तयार करून घेतला. त्या अर्जाने सरकार हलले नाही. पण आम्ही कायद्याच्या धंद्यातली माणसे, आम्हाला त्या कागदाचे महत्त्व वेगळे वाटते. आपल्यावर झालेला अन्याय नशीब म्हणून गिळायचा नाही, तो अर्जाच्या भाषेत मांडायचा, त्यासाठी उत्तम कायदा जाणणारा माणूस शोधायचा, मग तो कोणत्याही जातीचा असो, ही रीत बाबासाहेबांच्या घरात बाबासाहेब बॅरिस्टर होण्याच्या कितीतरी आधी आली होती. 1941 मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर याच सुभेदाराचा मुलगा बसलेला होता.

निवृत्तीनंतर रामजींची भटकंती सुरू झाली. भीमराव दोन-तीन वर्षांचे असतील. आधी दापोली, कारण तिथे सैन्यातून निवृत्त झालेल्यांची वस्ती होती. मग थोडे दिवस मुंबई, मग सातारा, पुढे गोरेगाव, शेवटी पुन्हा मुंबई. कोकणातले गाव सुटले ते सुटलेच. मात्र गाव आडनावात राहिले. हायस्कुलात नाव घातले ते आंबडवेकर असे. जमीन नाही, घर नाही, तरी माणूस गावाचे नाव खांद्यावर घेऊन हिंडतो. आमच्याकडच्या मुरबाडकरांनी तेच केले होते.

साताऱ्याला रामजींना सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. तिथेच 1896 मध्ये भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे. मुरबाडची ही लेक दागिन्यांनी मढून माहेरी परत येण्याआधीच साताऱ्याच्या मातीत मिसळली. मुले सांभाळली रामजींची थोरली बहीण मीराबाई हिने. ती शरीराने अपंग होती, पाठीला पोक होते, आणि भावाच्या घरीच राहत होती. भीमरावांवर तिचा भारी जीव. चळवळीच्या गाण्यांत भीमाई आहे, रमाई आहे; मीरा आत्या फारशी कुठे नाही. तिने रांधले नसते तर रामजींना नोकरीसाठी बाहेर पडता आले नसते, हे साधे गणित आहे. साताऱ्यात न्हावी या मुलांच्या डोक्याला हात लावत नव्हता, म्हणून भीमरावांची थोरली बहीण त्यांना ओट्यावर बसवून केस कापायची. बापाने शाळेत घातले आणि शाळेत जाण्याजोगे डोके घरातल्या बायांनी ठेवले.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून मानला. त्या रजिस्टरात विद्यार्थ्याच्या नावापुढे जे दुसरे नाव लिहिले आहे, रामजी, त्याच्याविषयी त्या दिवशीच्या भाषणांत दोन वाक्येही नसतात.

पुढे रामजींना खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियरची नोकरी लागली. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. मजुरांची मजुरी रामजींच्या हातून वाटली जायची. 1901 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना तिकडे बोलावले. भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि दिवंगत बहिणीचे दोन मुलगे, अशी चार पोरे नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. मुले महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे दिले, बैल पोरांनीच हाकले आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. डबा भरलेला होता, पाण्यावाचून खाता येईना. ही कथा बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती आपल्याला पाठ आहे.

पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलांनी पाठवलेले पत्र पोहोचले होते. रामजींच्या नोकराने ते त्यांना दिलेच नाही, म्हणून त्यांना काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी पोरे धुळीने माखून, तहानेने सुकून दारात उभी राहिली तेव्हा त्या बापाला काय वाटले असेल? हा माणूस तलावाच्या कामावरचा सरकारी पैसा सांभाळत होता. जिथे पाणी साठवायचे त्या कामाचा हिशेब त्याच्या हातात, आणि त्याच्याच लेकरांना वाटेत घोटभर पाणी नाही! हुद्दा, पेन्शन, स्वच्छ कपडे, इंग्रजी, यातले काहीही जातीपुढे चालत नाही, हे भीमरावांना त्या रात्री कळले. रामजींना ते आधीच ठाऊक असणार. तरी त्यांनी पोरांना टोप्या जरीच्याच घेतल्या होत्या.

रामजींना देवघरात बसवायचा आमचा विचार नाही. भीमाबाईंच्या पश्चात त्यांनी दुसरे लग्न केले. जिजाबाई या विधवा होत्या. भीमरावांना ते लग्न आवडले नाही. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले की त्या पोराच्या जिवाची लाही व्हायची. बापाच्या जिवावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले, आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी लांबवायचा बेत केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुलगा गिरणीतून वाचला. आता खूप अभ्यास करायचा आणि लवकर आपल्या पायावर उभे राहायचे, असे त्याने ठरवले. मुलगा बापावर रागावून अभ्यासाला लागला, ही गोष्ट आमच्या व्याख्यात्यांना अडचणीची वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. घरे अशीच असतात.

दुसरा निर्णय त्याहून अवघड. 1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. नोकरी संपलेली, उरले पेन्शन. दोन मुलांना हायस्कुलात ठेवणे झेपेना. रामजींनी आनंदरावांची शाळा थांबवली, त्यांना कामाला लावले आणि भीमरावांना पुढे शिकवले. आज शहापूरच्या आसनगाव, वाशिंद, खर्डी स्टेशनांवरून पहाटेची लोकल धरणारे आणि मुरबाडहून एसटीने कल्याण गाठणारे किती बाप हाच निर्णय घेतात! थोरला कंपनीत हेल्पर, धाकटा कॉलेजात. धाकटा साहेब झाला की त्याचा सत्कार होतो. थोरला मंडपात खुर्च्या लावत असतो. आनंदरावांच्या सुटलेल्या शाळेवर एकही पोवाडा झालेला आम्ही ऐकला नाही.

डबक चाळीतल्या त्या खोलीत माणसे, चूल, सरपण, जाते, शेळी असे सगळे एकत्र होते. सगळ्यांनी झोपायला जागा नव्हती. भीमराव लवकर झोपत. रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोन वाजता मुलाला उठवत आणि मग त्याने सोडलेल्या जागी आडवे होत. चिमणी नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापुढे मुलगा पहाटेपर्यंत वाचत बसे. साठीकडे झुकलेला सुभेदार घड्याळाचे काम करत होता.

(जाता जाता शहापूरकरांसाठी एक गोष्ट. तानसाचे धरण 1892 साली पुरे झाले आणि आपल्या तालुक्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. रामजींचे बिऱ्हाड परळला येण्याच्या बारा वर्षे आधी शहापूरचे पाणी तिथे स्थलांतरित झाले होते. पाण्याची ती वाट नंतर आपली माणसेही धरत गेली.)

मुलगा अभ्यासाचीच पुस्तके वाचत नव्हता, त्याला अवांतर पुस्तकांचे वेड होते. बापाने नाही म्हटले नाही. पैसे नसले की रामजी घराबाहेर पडत. आधी लग्न झालेल्या धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे रोख पैसे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही नसले की ती आपला एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती आले की रामजी दागिना सोडवून लेकीला परत देत. हे एकदाच घडलेले नाही. बाबासाहेबांच्या 'राजगृहा'तल्या ग्रंथांचे आपण अभिमानाने सांगतो. त्या ग्रंथसंग्रहाची सुरुवात बहिणींच्या दागिन्यांवर झाली, हेही त्याच अभिमानाने सांगावे.

आणि बाप नुसती पुस्तके आणून देत नव्हता, शिकवतही होता. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्याने मुलाकडून घोटून घेतली. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे कौतुक करताना लोक कोलंबियापर्यंत जातात. पाया परळच्या खोलीत घातला गेला होता.

घर कबीरपंथी. मद्य-मांस वर्ज्य, संध्याकाळी भजन. रामजी मुलांकडून रामायण-महाभारतही वाचून घेत. भीमरावांना ते पटेना. ही पुस्तके आपण का वाचायची, असे त्यांनी वडिलांना विचारले. रामजींचे म्हणणे असे की आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड यायचा. द्रोण, कर्ण सामान्य स्थितीतून किती वर गेले ते पाहावे. मुलाचे समाधान झाले नाही आणि त्याने तसे बोलून दाखवले. रामजींनी पोराला हाणले नाही की ग्रंथाचा अपमान झाला म्हणून आरडाओरडा केला नाही. बापाला प्रश्न विचारता येणारे घर त्या काळात किती होते? आजच्या आपल्या घरांत तरी किती आहेत? बुद्ध, कबीर आणि फुले या तीन गुरूंपैकी कबीर बाबासाहेबांना घरातच भेटले, ते रामजींमुळे.

1907 साली भीमराव 750 पैकी 282 गुण मिळवून मॅट्रिक झाले. समाजाने सत्कार ठरवला. रामजींनी साफ नकार दिला. पोरगा एक परीक्षा पास झाला, एवढ्यावर सत्कार केला तर त्याचे डोके फिरेल, असे त्यांचे मत. शेवटी केळुसकर गुरुजींनी त्यांची समजूत घातली तेव्हा सभा झाली. केळुसकरांनी त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना दिले. म्हणजे रामजी आपल्या नकारावर अडून बसले असते तर ते पुस्तक त्या दिवशी त्या हातात पडले नसते. हट्ट धरणारा आणि योग्य माणसाने सांगितले की हट्ट सोडणारा, असा हा बाप होता.

बी.ए. झाल्यावर भीमरावांनी बडोद्याची नोकरी पत्करली. रामजींना ते पसंत नव्हते. तिथे जातीचा जाच किती होईल याचा सैन्यात आणि सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला अंदाज असणार, असे आम्हाला वाटते. 1917 साली पारशी वसतिगृहातून बाबासाहेबांना ज्या रीतीने बाहेर काढले गेले, त्यावरून म्हाताऱ्याची भीती किती खरी होती ते दिसते. पण मुलगा गेला.

जानेवारी 1913. बडोद्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. पुढची गाडी मिळून मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे दाराकडे लागले होते. मुलगा दिसला, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913. मसूरच्या स्टेशनवर मुलांनी बापाची वाट पाहिली होती, इथे बापाने मुलाची पाहिली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले. तिथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपल्या समाजाची प्रगती कितीतरी वेगाने होईल, असे त्यात आहे. ज्यांना पत्र लिहिले, त्यांनी आपल्या मुलीला शिकवले होते.